तोटी उघडी ठेवजो

नळातून नुसती हवा सुटायला लागली की लोक वैतागतात. मला हायसं वाटतं. तोटी खोकते, तांबूस पाण्याचे चार शिंतोडे उडवते, क्षणभर गप्प होते आणि मग पाणी धावत येतं. तो आवाज कानावर पडला की माझे खांदे आपोआप सैल होतात. नागपूरला माझ्या घरी गच्चीवर टाकी आहे, तिथला नळ कधी खोकत नाही. इतकी वर्षं झाली, तरी तिथे सकाळी उठल्यावर काहीतरी व्हायचं राहून गेल्यासारखं वाटतं आणि मी उगाच घरभर फिरून दारं-खिडक्या तपासते. मी भित्री आहे. हे मी कुणापासून लपवलेलं नाही, आणि लपवलं असतं तरी लपलं नसतं.

मागच्या महिन्यात भंडाऱ्याला गेले होते. आमच्या मोहल्ल्यात नवी पाइपलाइन टाकताहेत आणि बंद घराची जोडणी कुठून घ्यायची ते सांगायला कुणीतरी हजर हवं होतं. फिटर सकाळी पाण्याच्या वेळेला येणार होता. तोवर काय करायचं म्हणून खाटेखालची बाबांची लाकडी पेटी बाहेर ओढली. आत सगळं जिथल्या तिथे होतं. जबड्याचे दात झिजलेला, लांब दांड्याचा पाइप-पाना. सुतळीचा गुंडा आणि सांधे गळू नयेत म्हणून लावायच्या सफेद्याचा, वाळून दगड झालेला डबा. तोटीत बसवायच्या चामड्याच्या चकत्या, ज्या बाबा जुन्या चपलांतून कापून जवसाच्या तेलात भिजत घालायचे. पितळी तोटीच्या आतली झिजलेली बैठक घासून पुन्हा सपाट करायचं एक छोटं दातेरी हत्यार होतं, त्याला बाबा भोवरा म्हणत. आणि सगळ्यात खाली, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला कंदील. काच शाबूत होती. फडकं सोडून कंदील मांडीवर घेतला आणि मी तशीच बसून राहिले.

बाबा चावीवाले होते. त्यांना गाव त्याच नावानं ओळखायचं. टाकीतून निघालेलं पाणी कोणत्या मोहल्ल्याला कधी सोडायचं हे रस्त्याखालच्या मोठ्या व्हॉल्व्हवर ठरायचं, आणि ते व्हॉल्व्ह उघडणं-बंद करणं हे बाबांचं काम. बहुतेक ठिकाणी खांद्याएवढी उंच लोखंडी चावी वरूनच खाली सोडून फिरवता येई. आमच्या मोहल्ल्याचा व्हॉल्व्ह मात्र फार जुना. त्याच्या दांड्याचं डोकं झिजून पार गोल झालं होतं, चावी त्यावर बसायची नाही, नुसती घसरायची. त्यामुळे बाबांना रोज लोखंडी झाकण उचलून विटांच्या त्या खोल खड्ड्यात उतरावं लागे आणि पाइप-पाना लावून व्हॉल्व्ह फिरवावा लागे. उघडायला उतरायचं, बंद करायला पुन्हा उतरायचं.

खड्ड्यात गारवा, म्हणून तिथे साप असत. शेजारून गटार वाहायचं, म्हणून तिथे वाईट हवा साचायची. बाबांची रीत ठरलेली होती. झाकणावर आधी पान्यानं ठोकायचं, जरा थांबायचं आणि म्हणायचं, "सरक बाप्पा, मी आलो." मग झाकण बाजूला सारून पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. ज्योत नीट जळत राहिली तर उतरायचं. ती मलूल झाली किंवा विझली तर झाकण उघडं टाकून हवा पालटेपर्यंत काठावर बसायचं, मग गावानं कितीही बोंब मारू दे. मी एकदाच त्यांच्याबरोबर जाऊन तो खड्डा पाहिला. कंदील खाली खाली जात होता, ओल्या विटा चमकत होत्या आणि व्हॉल्व्हच्या दांड्याला सापाची कात लटकत होती. बाबा हसत हसत त्या कातीकडे उतरले. त्यांचं डोकं रस्त्याखाली गेलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

आईचं माहेर नाकाडोंगरीचं. तिकडची माणसं खाणीत उतरत. तिथे काय झालं होतं, कुणाचं झालं होतं, ते तिनं मला कधी सांगितलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "जमिनीत उतरलेल्या मान्साची वाट पाहाची आदत हाय मले." रोज निघताना तिचा एकच प्रश्न असे.

"कंदील घेतला का?"

"घेतला नं. तूच हाती देल्ला अन् तूच इचारून राहिली."

बाबा गेले की ती मला म्हणे, "तोटी उघडी ठेवजो." मोरीतली पितळी तोटी मी पूर्ण उघडी करायची. तिच्याखाली घागर ठेवायची. आणि मग आम्ही दोघी तिच्यासमोर बसायचो. आईच्या हातात निवडायचं सूप असे, पण तांदळातला खडा तिला त्या वेळी कधी दिसला नाही. दुपारच्या भातात तो आमच्या दाताखाली यायचा. बाबा म्हणायचे, "आज बी गोटे शिजवले का?" आई हसायची. ती खडे का सोडते हे त्यांना ठाऊक नाही, असं आम्हा दोघींना वाटायचं.

मग तोटी खोकायची. बाबांनी पाना फिरवला, पाणी निघालं, आता ते शिडीवर पाय ठेवून वर येत असणार, एवढं सगळं त्या फुस्स आवाजात असायचं. आई दीर्घ श्वास सोडून म्हणायची, "निंघाले." आणि चहा ठेवायला उठायची. चहा उकळेपर्यंत बाबा दारात हजर असत, गुडघ्यापर्यंत ओले, अंगाला गंज आणि चिखलाचा वास. लहानपणी मला तो वास फार आवडायचा, कारण तो वास आला म्हणजे त्या दिवसापुरतं भ्यायचं संपलं.

उन्हाळ्यात भीती सापाची असे. रस्ते तापले की सगळं सरपटणारं गारव्याला खड्ड्यात जायचं. पावसाळ्यात वैनगंगा फुगायची, कारध्याकडे निघालेली माणसं पुलाच्या अलीकडेच ताटकळत राहायची, नळाला गढूळ पाणी यायचं आणि त्याला नदीच्या मातीचा वास असायचा. त्या दिवसांत खड्ड्यात पाणी साठायचं, वर कुबट हवा तरंगायची आणि कंदील वरचेवर विझायचा. तेव्हा नळाला उशीर व्हायचा. तो उशीर मला अजून अंगात जाणवतो. शेजारच्या बाया दारात येऊन विचारायच्या, "काहून, आज पानी नाही का?" त्यांना स्वयंपाकाची घाई असायची. आई तोटीकडे बघत राहायची. मी तिच्या पदराचं टोक मुठीत धरायचे आणि मनात म्हणायचे, खोक, खोक, लवकर खोक.

दुपारी मात्र घर निर्भय असे. बाबा ओसरीवर पेटी उघडून बसायचे आणि मोहल्ल्यातल्या गळक्या तोट्या त्यांच्यासमोर येऊन पडायच्या. भंडाऱ्याचं पितळ, जुनं, जाड. भोवरा आत घालून ते हलक्या हातानं फिरवायचे, पितळेचा पिवळा कीस फडक्यावर सांडायचा, मग तेलातली चकती बोटांनी दाबून बसवायची, सुतळीला सफेदा चोळून आट्यांवर गुंडाळायची. डोळे मिटले तरी सफेद्याचा आणि जवसाच्या तेलाचा तो वास मला आठवतो. बाबांच्या हाताला घाई माहीत नव्हती. आई त्या वेळी शेजारीच लवंडून गाढ झोपायची. रात्री ती कधी तशी झोपली नाही.

एका वर्षी नागपंचमीच्या आधी आईनं हट्ट धरला. आमच्याकडे त्या दिवशी तवा चढवत नाहीत, विळीनं चिरत नाहीत, जमीन तर कुणी खणतच नाही.

"वर्षातला एक दिस," आई म्हणाली. "त्या दिशी कोनी भुईले सुई टोचत नाही, अन् तुमी झाकन उचलून त्याच्याच घरात उतरता."

"मंग मोहल्ल्यानं काय प्याचं?"

"ते मले माहीत नाही. पोरीची शपथ हाय तुमाले. उद्या उतराचं नाही."

माझ्या गळ्याला हात लावून तिनं ती शपथ घातली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांनी एक युक्ती केली. रात्री टाकी रिकामीच असायची. म्हणून आदल्या संध्याकाळी खड्ड्यात उतरून त्यांनी व्हॉल्व्ह थोडा उघडा सोडून दिला. सकाळी पंप सुरू होईल, टाकी भरेल आणि पाणी आपलं आपण येईल, कुणाला उतरायला नको. एवढंच की हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. डोमाकाकांनाही नाही. डोमाकाका हे गावाच्या दुसऱ्या बाजूचे चावीवाले, बाबांचे जिवाभावाचे जोडीदार. दोघांत कंदील एकच, आणि तो आमच्या खुंटीवर राहायचा. पण बायकोनं सापाच्या भीतीनं शपथ घातली, हे डोमाकाकांना कळलं असतं तर ते बाबांना महिनाभर चिडवत बसले असते. बाबा साप-विंचवाला भीत नसत, मित्राच्या चिडवण्याला मात्र भीत.

नागपंचमीची ती सकाळ मला आमच्या घरातली सगळ्यात सुखाची सकाळ म्हणून आठवते. आईनं भिंतीवर गेरूनं नाग काढला होता. समोर दूध आणि लाह्या. कढईतल्या पुऱ्यांचा वास घरभर. बाबा अंघोळ करून, कोरडे, चक्क पाटावर बसले होते. तोटीतून न खोकता, न थुंकता बारीक धार घागरीत पडत होती. आई तिच्याकडे बघतही नव्हती. ती गुणगुणत होती, आणि मला ते इतकं नवीन होतं की मी पुरी खायची विसरले.

मग धार बारीक झाली. आणखी बारीक झाली. थेंब पडले आणि थांबले.

बाबांचा घास हातातच राहिला. "कोन बंद करून राहिलं?" ते म्हणाले. आणि त्यांनी खुंटीकडे पाहिलं. कंदील खुंटीवर होता.

पुढचं नंतर कळलं. बाबांचा व्हॉल्व्ह उघडा असल्यामुळे डोमाकाकांच्या बाजूला पाण्याला जोर येईना, लोक ओरडायला लागले. डोमाकाका शोध घेत आमच्या खड्ड्यापाशी आले. आतल्या पाइपातून पाणी वाहताना ऐकू आलं. बाबांना ते भाऊ म्हणत; भाऊ व्हॉल्व्ह बंद करायचं विसरला, असं त्यांना वाटलं. सणाच्या दिवशी त्याला कशाला उठवायचं, म्हणून ते स्वतःच, कंदिलाशिवाय, उतरले.

हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. बाबांना ते कंदिलाकडे बघूनच कळलं. ते उठले. मला वाटलं आई आडवी पडेल, शपथेची आठवण देईल. आई खुंटीपाशी गेली, कंदील काढला, काच वर केली. काडी पेटेना. दोन काड्या मोडल्या. मग पेटली. तिनं कंदील त्यांच्या हातात दिला आणि विचारलं नाही काही. बाबा अनवाणी धावत गेले.

आम्ही नळापाशी बसलो. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. शपथ माझी होती. बाबा उतरले की ती मोडणार आणि मी मरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण ते उतरले नाहीत तर खाली जो कोणी आहे तो मरणार. आणि उतरून वर आले नाहीत तर... तिथून पुढे माझं मन जाईना. भिंतीवर नाग, समोर दुधाची वाटी, ताटात कडक होत चाललेल्या पुऱ्या. आई तोटीकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाहेर रस्त्यावर पळणाऱ्या पायांचा धबधब आवाज आला आणि दूर निघून गेला. मी माझी छाती चाचपून पाहिली, अजून धडधडत होती.

किती वेळ गेला कोण जाणे.

तोटी खोकली. एकदा, पुन्हा एकदा, आणि मग इतक्या जोरानं पाणी आलं की घागर कलंडली. आई जागेवरून हलली नाही. पदरात तोंड खुपसून ती रडायला लागली, आणि पाणी तिच्या पायांखालून, पाटाखालून, सबंध घरभर गेलं. मी तोटी बंद करायला हात पुढे केला तर तिनं माझा हात धरला.

बाबा आले. डोमाकाकाही वाचले, मात्र त्यानंतर ते कधी दाराला कडी लावून झोपले नाहीत. संध्याकाळी आईनं बाबांना विचारलं, "कंदील इझला होता का?"

"वारा होता," बाबा म्हणाले.

आईनं पुन्हा कधी शपथ घातली नाही. बाबा पुढची सगळी वर्षं उतरत राहिले, आम्ही बसत राहिलो. मी मोठी झाले, कॉलेजात जायला लागले, सकाळी पुस्तक घेऊन नळापाशी बसायचे. मैत्रिणींना वाटायचं, ही पाणी भरायला बसते.

बाबा गेले ते खड्ड्यात नाही. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एका दुपारी जेवून खाटेवर आडवे झाले, ते उठलेच नाहीत. आयुष्यभर आई रस्त्याखालच्या काळोखाला भ्यायली, खाटेला भ्यायचं तिला सुचलंच नव्हतं. संध्याकाळी वैनगंगेवरून माणसं परतली. डोमाकाका ओसरीवर पेटीपाशी बसले आणि म्हणाले,

"वहिनी, नागपंचमीची गोष्ट. मले त शुद्ध नोती. पन लोकं सांगत, मले दोरीनं वर ओढलं तरी भाऊ वर येईना. कंदील त आधीच इझला होता. लोकं आरडून राहिले, निंघा चावीवाले, निंघा. अन् हा खाली पाना फिरवून राहिला. मी मंग एक दिस इचारलं, काहून गा, पानी सोडाची येवढी घाई होती तुले? तू बी मेला असता. त मले म्हने, घरी थे नळापाशी बसून असते रोज. तिले वाटते मले माहीत नाही."

आईनं डोमाकाकांना पाणी दिलं आणि ती आत गेली.

त्या रात्री नळ बंद करायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. सकाळी आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो होतो. नव्या माणसानं व्हॉल्व्ह उघडला असेल. तोटी खोकली. आईनं सवयीनं दीर्घ श्वास सोडला. "निंघाले," ती म्हणाली, उठली, आणि चुलीवर चहाचं पातेलं ठेवलं. पाणी घातलं, साखर घातली. पत्तीच्या डब्याचं झाकण उघडलं आणि डबा हातात धरून ती तशीच उभी राहिली. मागे घागर भरून वाहत होती.

इतकं सगळं त्या कंदिलानं आठवायला लावलं. दारात फिटर आला तेव्हा कंदील अजून माझ्या मांडीवरच होता. फिटर तरणा, हसरा माणूस होता. त्यानं मोरीतली जुनी तोटी पाहिली, बाहेर जाऊन रस्ता पाहिला आणि परत आला.

"मावशी, उद्या ही जुनी लाइन कापतो. तिथं जुन्या जमान्याचा व्हॉल्व्ह हाय, कायमचा उघडा पडला हाय. आज थो बंद होते का पाह्यतो. उतरून बंद करतो, मंग परत उघडून पाह्यतो."

"खड्ड्यात उतरणार?"

"त मंग?"

मी कंदिलात तेल घातलं. शेजारणीकडून मागून आणलं. वात वर केली, पेटवली. तो खिशातला मोबाईल काढून त्याचा दिवा दाखवायला लागला. मी म्हटलं, तुझ्या दिव्याला उजेड कळतो, हवा कळत नाही. आधी हा दोरीनं खाली सोड. विझला तर उतरू नकोस, कितीही कुणी ओरडलं तरी. आणि हा पानाही ने, तिथे दुसरा बसत नाही. म्हाताऱ्या बाईचं मन कशाला मोडा, अशा चेहऱ्यानं त्यानं दोन्ही घेतलं आणि गेला.

मी तोटी पूर्ण उघडी केली. पाणी वाहत होतं. घागर नव्हती, बादली ठेवली आणि समोर पाटावर बसले. धार बारीक झाली. थेंब पडले, थांबले. रस्त्यावर कुणी बोलत नव्हतं. एखादी गाडी गेली. माझी बोटं पदराचं टोक शोधत होती, आईच्या नाही, माझ्याच. त्या मुलाचं नावही मी विचारलं नव्हतं. घरी त्याची कुणीतरी असेल, तिला तो आत्ता कुठे आहे हे माहीत नसेल.

खोक, मी म्हटलं. लवकर खोक.

तोटी खोकली. तांबूस पाण्याचे शिंतोडे माझ्या पायांवर उडाले.

"निंघाला," मी म्हटलं, आणि चहाचं पातेलं शोधायला उठले.